आधी रिकामे पारडे

वडिलांची गाडी पुन्हा डावीकडे गेली आणि कठड्यावर आदळली. टीव्हीच्या पडद्यावरचीच गाडी. पण खोलीतले सगळे खरा अपघात झाल्यासारखे दचकले.

पक्षाघाताने वडिलांचा डावा हात लुळा पडला होता, जीभ जड झाली होती. बोटांना व्यायाम व्हावा म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने नातीचा जुना गेम कंट्रोलर त्यांच्या हाती दिला होता. गाडी आपोआप पुढे धावायची. डाव्या अंगठ्याने छोटी दांडी हलवून तिला रस्त्यावर ठेवायचे, एवढाच खेळ. "सुरुवातीचा काळ फार मोलाचा," डॉक्टरांनी बजावले होते. "हात आत्ताच कामाला लावा."

"हे... बिघ... बिघडलंय," वडील म्हणाले.

"बिघडलेलं नाही हो बाबा! सेल नवे घातलेत. तुमचा अंगठा डावीकडे पडतोय. जरा जोर लावा," मुलगा म्हणाला.

मुलगा वजनकाटे तपासणारा निरीक्षक. बाजारात त्याच्या नजरेतून तीळभर फरक सुटत नसे. घरी मात्र रोज संध्याकाळी वडिलांचे तेच वाक्य आणि त्याचे तेच उत्तर. सून गोड बोलून पाही, नात टाळ्या वाजवी. वडील जोर लावत, कपाळावर घाम येई, गाडी डावीकडेच जाई.

शेवटी एकदा त्यांनी कंट्रोलर बाजूला सारला. उजव्या हाताने डावा हात उचलून, परक्याची वस्तू ठेवावी तसा चादरीखाली ठेवला. "मेला... हा," एवढेच म्हणाले. त्यानंतर कंट्रोलर बिघडल्याची तक्रारही केली नाही. मुलाने समजावले, चिडचिड केली, हात जोडले. चादरीखालचा हात बाहेर आला नाही.

पुढे काही दिवसांनी आत्या आली. वडिलांची थोरली बहीण, बोलायला फटकळ.

"काय रे, माझ्या भावाला गुंडाळून ठेवलंयस की काय?"

मुलाने सगळे सांगितले.

"पण तो काय म्हणत होता?"

"कंट्रोलर बिघडलाय म्हणून. आता आत्या, आजारी माणूस सबबी सांगणारच."

"तू तपासलास?"

"सेल बदलले की!"

"सेल बदललेस! मोठा निरीक्षक तू! बाजारात गिऱ्हाईक म्हणालं काटा खोटा आहे, तर गिऱ्हाइकालाच दटावतोस का?"

"छे! आधी पारडं रिकामं करून बघतो. रिकाम्या पारड्यावर शून्य आलं नाही, तर काटाच..."

वाक्य अर्धेच सोडून तो उठला. त्याने खेळ सुरू केला, कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला. आता दांडीवर कोणाचाच अंगठा नव्हता. गाडी थोडी पुढे गेली, डावीकडे ओढली गेली आणि कठड्यावर आदळली!

"घे! आता कुणाचा अंगठा जड झाला?" आत्या म्हणाली.

मुलाने दांडीच्या बुडाशी स्पिरिटचा बोळा फिरवला. बिस्किटाचा चुरा आणि काळा मळ निघाला. दांडी गोल गोल फिरवली, सेटिंगमध्ये जाऊन तिचा मध्य नव्याने लावला. टेबलावर ठेवून पाहिले. गाडी नाकासमोर गेली. काम आत्याचा चहा निवण्याआधी संपले.

"बाबा, तुमचं बरोबर होतं. चुकलं माझं."

वडील म्हणाले, "कि... कितीदा... सांगितलं."

मुलाने कंट्रोलर त्यांच्या डाव्या हातात ठेवला. चादरीखाली पडून बोटे आखडली होती. अंगठा दांडीवर थरथरला, पण दांडी हलली नाही. पहिल्याच वळणावर गाडी सरळ जाऊन आदळली. या वेळी कंट्रोलर चांगला होता!

डॉक्टर म्हणाले, "व्यायाम पुन्हा सुरू करा. मधला काळ वाया गेला. तो भरून निघेलच असं मी सांगू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील म्हणाले, "चहा... गार." 'तुम्हीच वेळ लावलात,' हे मुलाच्या ओठावर आले होते. ते गिळून त्याने कपाला हात लावला. चहा खरोखरच गार होता.

वाचकहो, आपल्याही घरात कोणी अडखळत काही सांगत असेल. त्याला सबबी सांगणारा ठरवणे फार सोपे असते, कारण त्याला भांडता येत नाही. त्याचा हात तपासण्याआधी, त्या हातात आपण काय दिले आहे ते तपासा. यंत्र कधीही दुरुस्त होते. न ऐकलेल्या माणसाने एकदा हात चादरीखाली घेतला, की तो बाहेर येईलच याची हमी कोणी देत नाही.