एक घर पुढे

शिंप्याने कापड बेतायचं टेबल रिकामं केलं आणि महिन्यापूर्वीचा बुद्धिबळाचा डाव चाली टिपलेल्या कागदावरून पुन्हा मांडला. थोरल्या भावाशी खेळलेला शेवटचा डाव. त्यानंतर चौथ्या दिवशी दादा गेला. शिंप्याच्या डोळ्यांतून अजून टिपूस आलं नव्हतं. बटणं लावावीत तसा तो एकेक मोहरा सरकवत राहिला.

दादाचा खेळ जपून. त्याचा राजा कोपऱ्यातून हलेल तर शपथ. त्या दिवशी मात्र ऐन धुमश्चक्रीत त्यानं राजा एकेक करत दोन घरं पुढे आणला. "दादा, राजाला हवा खायला काढलंस काय?" म्हणत शिंपी पोट धरून हसला होता. दादा ओशाळला. त्यानं राजा मागे घेतला, आणि पाचव्या चालीला मात झाली.

दोघांचा नियम होता. डाव संपला की हरलेल्यानं आधी बोलायचं, कुठं चुकलं ते सांगायचं. दादा म्हणाला होता, "उद्या बोलू."

शिंप्यानं आता राजा मागे घेतलाच नाही, आणखी एक घर पुढे नेला. राजा शिंप्याच्या हत्तीला भिडला. हत्तीला पळायला वाट नव्हती. त्यानं तीनदा तपासलं. डाव दादाचा होता.

वहिनी चहा घेऊन आल्या. पटाकडे बघत म्हणाल्या, "काय सापडलं, भाऊजी?"

आता हरलेला तो होता, म्हणजे आधी बोलायची पाळी त्याची होती.

"काही नाही," तो म्हणाला, आणि राजा उचलून मागच्या घरात ठेवला.