तळ्याकाठची दुसरी खोली

"काम संपवायची घाई करू नका," दादांच्या बहिणीने मला फोनवर सांगितलं होतं. "रविवारी तुम्ही येता म्हणून तो शनिवारी बाजारात जातो, चूल पेटवतो. काम संपलं की पुन्हा उपाशी बसेल." मी बरं बरं म्हटलं आणि सोडून दिलं. माझी दहा महिन्यांची मुलगी तेव्हा हाताला लागेल ते तोंडात घालत होती.

दादा म्हणजे माझ्या नवऱ्याचे मित्र. पेशाने सुतार, आमच्याहून वीसेक वर्षांनी मोठे. वहिनी गेल्यावर ते तळ्याकाठच्या मासेमारीच्या झोपडीतच राहायला गेले. एक खोली, एक खाट, गळ अडकवायला खुंट्या. मित्रांच्या बायकापोरांनाही मुक्काम करता यावा म्हणून शेजारी आणखी एक खोली जोडायची, हे त्यांनीच काढलं. हाताखाली माझा नवरा आणि त्याचे दोन मित्र, एक वायरमन आणि एक शाळेतले मास्तर. तिघांना मिळून एक खिळा सरळ ठोकता येत नव्हता.

दादा एका फळीला रंधा मारायचे, ती बसवायचे, काढायचे, परत रंधा मारायचे. दिवसाला दोन फळ्या बसल्या तरी डोक्यावरून पाणी. वायरमन एकदा म्हणाला, "दादा, माझं लग्न व्हायच्या आत दार तरी बसव."

"मग घाई कसली? तुला कोण मुलगी देतंय?"

गेल्या रविवारी पक्की बसलेली फळी या रविवारी भिंतीला टेकवून ठेवलेली, असंही व्हायचं. ओल धरली होती, दादा सांगायचे. मी हात लावून पाहिलं. लाकूड खडखडीत कोरडं होतं. काम लांबावं म्हणून दादाच फळी काढून ठेवत होते, हे मला कळलं. एका रविवारी मात्र मुलीच्या तोंडातून मी बोट घालून खिळा काढला. ओठावर रक्ताचा थेंब होता. परतताना नवऱ्याला बजावलं, एक तर ती खोली संपवा, नाहीतर मी काही यायची नाही.

दादा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चार दिवस बहिणीकडे गेले, तेवढ्यात तिघांनी रजा टाकली. दोन कामगार लावले, भिंती उभ्या केल्या, वर पत्रे चढवले. मी लोहचुंबक फिरवून अंगणातला खिळा न् खिळा वेचला. दादांना आनंदाचा धक्का द्यायचा होता.

डोळ्यावर पट्टी बांधलेले दादा आले. भिंतीवरून हात फिरवत सगळी खोली फिरले.

"छान झालंय," ते म्हणाले. "सुटलात रे तुम्ही."

सगळे हसले, मीसुद्धा.

पुढच्या रविवारी मास्तरांकडे पाहुणे होते, त्याच्या पुढच्या रविवारी मुलीचे दात येत होते. फोन केला की दादा म्हणायचे, जेवलो, आज मोठा मासा लागला. पाचव्या रविवारी आम्ही गेलो. नवी खोली झाडलेली, रिकामी. चुलीतली राख दगडासारखी बसलेली. दादांच्या कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं. त्यांनी मुलीला उचललं, तर तिचं वजन त्यांना पेलेना. मी तिला पटकन घेतलं आणि मग त्याचीच लाज वाटली.

काल काय जेवलात, मी विचारलं. ते मुलीला किती दात आले ते विचारायला लागले. तेव्हा मी सांगून टाकलं, की घाई माझी होती.

"पोरीच्या तोंडात खिळा गेल्यावर मीही तेच केलं असतं," ते म्हणाले. "पण तुम्ही गेल्यावर एकट्यासाठी चूल पेटवायला हात उचलत नाही गं."

आता दर दोन दिवसांनी आमच्यातलं कोणीतरी जातं, काम नसलं तरी. समोर बसलं तर ते अर्धी भाकरी खातात. पुरेसं नाही, मला माहीत आहे.

तुमच्याही ओळखीत असं एकटं राहणारं कोणी असेल. फोनवर ते जेवलो म्हणेल. तेवढं ऐकून फोन ठेवू नका. जा, आणि चुलीवर काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.