धक्का दिसला

आमच्या उडत्या नावेतून मी जे पाहतो आणि ब्रुस्कीनी नावाचा आमचा कॅप्टन माझ्यामागून जे पुन्हा म्हणतो, ते नाहीसं होतं. आमचं विमान पाण्यावर उतरतं, म्हणून त्याचं पोट लाकडी होडीचं आहे. त्या होडीच्या नाकाशी, उघड्या खोबणीत, मी बसतो. मागे बसलेल्या कॅप्टनला समोरच्या आभाळाखेरीज फारसं काही दिसत नाही. म्हणून टेहळ्यानं पाहायचं, बोलायच्या नळीतून मागे सांगायचं आणि ऐकण्यात चूक नको म्हणून वैमानिकानं तेच शब्द मोठ्यानं म्हणायचे, अशी आमच्या तळाची शिस्त आहे.

पहिल्यांदा गेली ती शत्रूची युद्धनौका. मी म्हणालो, युद्धनौका. कॅप्टन म्हणाला, युद्धनौका. खाली तिचा फेस तेवढा थोडा वेळ राहिला. तळावर आमची पाठ थोपटली गेली, सगळ्यांना वाइन मिळाली आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

मग हुकूम आला की दिसेल ते सगळं सांगायचं. मालवाहू जहाजं गेली, सार्डीनची जाळी ओढणाऱ्या होड्या गेल्या. एक दीपगृह गेलं आणि पुढच्या खेपेला त्याच्याखालचं बेटही गेलं. समुद्र पुसलेल्या पाटीसारखा झाला. मी गप्प बसून पाहिलं, पण टेहळ्या गप्प बसला की कॅप्टनला वाटतं याला नीट दिसत नाही, आणि तो आणखी खाली येऊन घिरटी घालतो. खाली आलं की जास्तच दिसतं.

मध्यंतरी रजेवर घरी गेलो. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या तळ्याच्या काठी आमचं घर आहे. आईला कमी ऐकू येतं, त्यामुळे कुणी काही सांगितलं की ते स्वतःच्या तोंडानं म्हटल्याशिवाय तिला पटत नाही. धाकटी बहीण इल्दे गच्चीवरून ओरडली, कोंबड्या बाहेर गेल्या. आई चुलीपाशी म्हणाली, कोंबड्या बाहेर गेल्या. त्या परत आल्या नाहीत आणि कुणी त्यांना शोधलंही नाही. निघताना मी इल्देला बजावलं की आमची नाव आली तर वर बघू नकोस.

"वा रे दादा," ती हसून म्हणाली. "तुझी नाव आलेली आईला नाही सांगायची, तर मग सांगायचं काय?"

आज परतताना मी माती खाल्ली. तळाचा उतरता धक्का नजरेत आला की टेहळ्या तसं सांगतो, मग वैमानिक इंजिन मंद करतो. इतक्या दिवसांची सवय, शब्द जिभेवरच होते.

"धक्का दिसला," मी म्हणालो.

"धक्का दिसला," कॅप्टन म्हणाला.

धक्का गेला. त्याच्याबरोबर विमानांची शेड गेली, स्वयंपाकघराचं धुराडं गेलं आणि दोरीवरचे आमचे सदरेही गेले. बिनतारी यंत्र गप्प झालं. मी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. उघड्या समुद्राच्या लाटांवर उतरता येत नाही. आता उतरायला एकच शांत पाणी उरलं होतं, आमच्या घरासमोरचं तळं.

कॅप्टननं विचारलं, खाली काय आहे. मी तोंडातून ब्र काढला नाही. तिथं माझं घर आहे म्हणून बोलत नाही, एवढं जरी सांगितलं असतं, तरी शिस्तीप्रमाणे त्यानं ते म्हटलंच असतं. त्यानं खाली येऊन घिरटी घातली. पुन्हा विचारलं. पुन्हा खाली आला.

आमच्या डोक्यावर, इंजिनाच्या पाठीशी, मेकॅनिक गावीनो बसतो. तो वाकून ओरडला, "अरे, सांगून टाक. पेट्रोल संपत आलंय. आपटू आपण."

मी मान हलवली. त्यानं टोपीचा पट्टा आवळला.

इंजिन बंद पडलं. त्यासरशी सगळं ऐकू यायला लागलं: काठाला थडकणारं पाणी, कुणाच्या तरी विहिरीचा रहाट, मागे कॅप्टनचा श्वास. आम्ही गच्चीच्या उंचीवर आलो होतो. गच्चीवर इल्दे कपाळावर आडवा हात धरून उभी होती. खाली जा म्हणून मी जीव तोडून हात हलवला. तिनंही आनंदानं हात हलवला आणि अंगणाकडे वळली.

"आई, दादाची नाव आली."

आई उंबऱ्यात आली. तिनं कानामागे हात धरला.

"काय गं?"

"दादाची नाव आली."

"काय आहे खाली?" मागून कॅप्टननं विचारलं. "बोल."

अजून वेळ होता. मी 'घर' म्हणालो असतो, तर आईच्या आधी कॅप्टननं ते म्हटलं असतं, घर गेलं असतं आणि नावेतले आम्ही तिघं वाचलो असतो. मला मरणाची भीती वाटत होती. मी दात घट्ट आवळून धरले.

आईनं कानामागचा हात खाली घेतला.