आबांचा हलका पाय

माझ्या सासऱ्यांच्या मोटरसायकलची ब्रेकलाईट वेळेला लागत नाही, हे घरात फक्त मला माहीत होतं. आणि मी ते कुणाला पटवून देऊ शकत नव्हते.

सासरे म्हणजे आबा, हंबीरराव. सगळी नोकरी फौजेत ट्रक चालवण्यात गेली. घरी परतल्यावर घेतलेली मोटरसायकल अजून तीच आहे. दर रविवारी ती धुतली जाते, पुसली जाते, आणि जिथे जिथे काही हलतंय तिथे बोटाने ग्रीस लावलं जातं. उंब्रजमध्ये एवढी जुनी आणि एवढी चकचकीत गाडी दुसरी नसेल.

जूनपासून माझी मुलगी शिवांजली बालवाडीत जायला लागली. तिला सोडायचं काम आबांनी स्वतःहून मागून घेतलं. माझा नवरा वीरधवल जम्मूत नोकरीला आहे, आणि मला सकाळच्या बसने कराडच्या कॉलेजात प्रयोगशाळा उघडायला जावं लागतं. त्यामुळे मला ते सोयीचंच होतं. तरी दोघं फाटकाबाहेर पडली की दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभी राहायचे. आईपण आल्यापासून मला सगळीकडे धोकाच दिसतो, असं घरचे म्हणतात. म्हणू देत.

एकदा ती डबा विसरली, म्हणून मी स्कूटी काढून मागोमाग निघाले. ऊसतोड जोरात होती. आबांच्या मागे एक ट्रॅक्टर, त्याला उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, वर कर्णकर्कश गाणी. मी ट्रॉल्यांच्या कडेने पुढे येत होते, म्हणून मला आबा दिसत होते. पुलाच्या अलीकडे आबा हळू झाले, शाळेच्या बोळाकडे वळायला लागले, आणि एवढ्या वेळात मागची लाल लाईट एकदाही उजळली नाही. ट्रॅक्टरवाल्याने ऐनवेळी गाडी बाहेर घेतली. मागची ट्रॉली शेपटासारखी हलली. आबांना काहीच कळलं नाही. ते शिवूला उतरवून तिच्या बुटाचा पट्टा लावत होते.

घरी येऊन मी सांगितलं. आबांनी गाडी स्टँडवर लावली, चावी फिरवली आणि पॅडलवर अख्खा पाय दिला.

"बघ. लागली का न्हाई?"

लख्ख लागली होती.

"लागली," मी म्हणाले.

"मग?"

सोप्यातून आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, "आवं, फिजिक्स शिकलीया ती. आमाला दिसत न्हाई ते दिसतं तिला."

पण त्यानंतर मी आबांची लाईट सोडून आबांचा पाय बघायला लागले.

आबांचं एक वाक्य आहे. ते कुणालाही गाडी शिकवताना म्हणतात, "ब्रेक दाबायचा नसतू, नुसता इचारायचा." घाटात लष्करी ट्रक उतरवलेला माणूस. लांबूनच गिअर कमी करत येतात, पाय पॅडलवर टेकल्यासारखा ठेवतात, आणि गाडी कुरकुर न करता थांबते. ब्रेकशूच्या एकाच जोडीवर वर्षानुवर्षं गाडी चालवली, याचा त्यांना केवढा अभिमान. अंगणात मात्र मला दाखवताना ते सगळं वजन टाकून दाबायचे. अंगणात लाईट लागायची, रस्त्यावर नाही. दोन्ही वेळा आबा खरंच बोलत होते.

हे लक्षात आलं, तशी माझी भीती कमी झाली असं नाही, पण ती कामाला लागली.

"उद्यापासून शिवू माझ्याबरोबर येईल," मी रात्रीच्या जेवणाला म्हणाले. "मी रजा टाकते दोन दिवस."

आबांचा घास हातातच राहिला. "माज्यावर भरवसा न्हाई व्हय तुजा?"

"तुमच्यावर आहे. गाडीवर नाही."

"ती गाडी म्हंजी मीच की गं," ते म्हणाले आणि ताटावरून उठले. आत्यांनी माझ्याकडे बघत त्यांचं ताट आदळून उचललं.

पण शिवूच्या बाबतीत मी मागे हटणार नव्हते. आणि आबांचा रोजचा तेवढा आनंद काढून घ्यायची माझी इच्छाही नव्हती. ती शाळेपर्यंत पुढे बसून त्यांना गावातल्या सगळ्या कुत्र्यांची नावं सांगत जायची. सकाळी मी सरळ सांगितलं, "आबा, आज तुम्ही स्कूटीवर बसा आणि माझ्या मागे या. तुमची गाडी मी चालवते, अगदी तुमच्यासारखी."

"आगं, गिअरची हाय ती!" आत्या ओरडल्या.

"माहेरी, आष्ट्याला, आमच्या पप्पांची गाडी मळ्यापर्यंत मीच न्यायची, आत्या."

"मग लगीन ठरवताना कुनी बोललं न्हाई त्ये?"

"तुम्ही विचारलंच नाही. पोहे कसे केलेत तेवढं विचारलंत."

आबांना हसू आलं. तेवढ्यावर ते स्कूटीवर बसले.

शिवूला शेजारी अंजनाकाकूंकडे ठेवून आम्ही कॅनॉलच्या रस्त्याला गेलो. तिथे सकाळी कुणी नसतं. मी आबांच्या वेगाने गाडी नेली, आबांसारखा गिअर कमी केला आणि पाय नुसता टेकवला. गाडी हळू झाली. आरशात आबा जवळ आले, जरा दचकले, मागे राहिले. पुन्हा तसंच केलं. तिसऱ्या वेळी मी जवळजवळ थांबलेच, आणि मागून स्कूटीचा कचकन् आवाज आला.

"आरं, आरं, आरं!"

वळून पाहिलं तर स्कूटीचं पुढचं चाक माझ्या नंबरप्लेटपासून हातभर अंतरावर होतं. आबा दोन्ही पाय जमिनीला लावून उभे होते.

"लाईट कुटं हाय?" ते म्हणाले.

"तेच सांगते आहे, आबा. मी ब्रेक नुसता विचारला."

ते उतरले. गाडीमागे उकिडवे बसले आणि मला पुन्हा पाय टेकवायला लावला. मग थोडा जास्त. मग अजून थोडा. तेव्हा कुठे लाल उजेड पडला.

"फौजंच्या गाड्यांच्या कॉन्व्हायमदी फुडच्या गाडीचा बारका दिवा बगूनच चालायचं," ते म्हणाले. "त्यो न्हाई दिसला की मागचा गेला दरीत. हे मी पोरांला शिकिवलंय, क्रांती. आन् हितं रोज फुडं पोरगी घिऊन…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. "चल. गॅरेजला टाकू."

"मी बघते आधी."

"तू?"

"मीच."

अंगणात पान्यांची पेटी आली. पॅडलच्या वर अंगठ्याएवढा काळा स्विच असतो. त्यातून एक बारीक दांडी खाली येते, ती स्प्रिंगने पॅडलला जोडलेली. पॅडल खाली गेलं की दांडी ओढली जाते आणि लाईट लागते. मी स्विचच्या दोन्ही वायरी सोडवल्या, चावी फिरवली आणि ओढणीची पिन काढून दोन्ही टोकं जोडली. लाईट लागली. पिन काढली, गेली. म्हणजे बल्ब ठीक, वायर ठीक. दोष स्विचमध्ये.

स्विचचा नट फिरवून तो वर घेतला. आता दांडी लवकर ओढली जाणार होती. पण मी जरा जास्तच वर घेतला, आणि पाय न लावताच लाईट लागून राहिली.

"दिवाळी केलीस की," आबा म्हणाले.

"कायम लागलेली लाईटही काही सांगत नाही मागच्याला." मी नट अर्धा फेरा उलटा फिरवला. आता पाय टेकवला की लागायची, पण दर वेळी नाही. मधूनच दांडी अडकायची. स्विचचं रबर मागे सारलं तर आत काळी, चिकट लापशी. धूळ आणि ग्रीस.

मी आबांकडे पाहिलं. आबांनी आंब्याच्या झाडाकडे पाहिलं.

"दर ऐतवारी एकच बोट लावतूय," ते म्हणाले.

आत्या पोट धरून हसल्या. "आवं, परवा माज्या शिलाई मशीनला बी लावलंय त्यांनी! निम्मं झंपर तेलकट झालं!"

पुसूनही दांडी मोकळी होईना. मग आबाच कराडला एसटीने जाऊन नवा स्विच घेऊन आले. गाडी घेऊन जायला तयार झाले नाहीत, हे मला फार आवडलं. नवा स्विच मी बसवला, नट नीट जुळवला, स्प्रिंग अडकवली. मग खाली बसून एका बोटाने पॅडल दाबलं. लागली. सोडलं, गेली. पुन्हा दाबलं, लागली.

"बोटानं का? पायानं बग की."

"तुमचा पाय माझ्या बोटाएवढाच हलका आहे, आबा. त्याच्यासाठीच जुळवायचा होता."

त्यांनी ते मनातल्या मनात एकदा घोळवलं. शिक्षा म्हणून सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं. पण हे त्यांना बक्षिसासारखं वाटलं असावं.

"आन् ग्रीस?"

"त्याला नाही लावायचं."

"ऐतवारी?"

"ऐतवारी पण नाही."

दुसऱ्या दिवशी शिवूला मी स्वतः आबांच्या पुढे बसवलं आणि मागोमाग स्कूटी काढली. आबांनी मला येताना पाहिलं, पण नको म्हणाले नाहीत. पुलाजवळ आबांच्या मागे उसाचा ट्रॅक्टर होताच, आणि मी त्याच्या कडेने. तो सगळा हंगाम तिथे असतोच. वळणाच्या बऱ्याच आधी आबांचा गिअर खाली आला, पाय टेकला आणि लाल लाईट उजळली, लांबून दिसेल अशी. ट्रॅक्टरवाल्याने तिथूनच वेग कमी केला. ट्रॉल्या सरळ रांगेत मागे राहिल्या, आणि आबा बोळात वळले.

दुसऱ्या दिवसाची रजा मी रद्द केली होती, आणि माझी कराडची बस यायची होती. मी पुलापासूनच परत फिरले.