बाबांची नवी गोळी

बाबा आयुष्यभर शिंपी. मोजूनमापून कापायची सवय जेवणातही मुरलेली. अजून दोन घासांची जागा असतानाच हात धुणारा माणूस. पंच्याहत्तरीत हात थरथरू लागले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कंपवातावर नवी गोळी दिली. दोन महिन्यांत थरथर बरीच कमी झाली. बाबांनी नातीच्या, चिमीच्या, फ्रॉकला स्वतः हातशिलाई घातली आणि लेकीचा जीव भांड्यात पडला.

मग डबे रिकामे व्हायला लागले. आधी बिस्किटं, मग जॅम, मग नुसती साखर. लेक शाळेत शिकवून घरी यायची, तर ओट्यावर चिकट चमचे पडलेले.

"बाबा, आत्ताच तर जेवलात!"

"भूक नाही गं. पण राहवतच नाही."

तिने ते ऐकलं आणि सोडून दिलं. म्हातारपणचे चोचले, असं म्हणत कपाटाला कुलूप घातलं.

चिमीच्या वाढदिवसाला ती हॉलमध्ये फुगे लावत होती. केक आणायला आत गेली, तर बाबा केकपुढे उभे. मिशा, बोटं, बाही, सगळं क्रीमने माखलेलं. डोळ्यांत पाणी, पण हात थांबत नव्हता. तिच्या मागोमाग पाहुणेही दारात आले.

"लाज नाही वाटत? नातीच्या तोंडचा घास पळवता?" ती सगळ्यांदेखत ओरडली.

बाबांनी हात शर्टालाच पुसले. कापडाला डाग लागू न देणारा माणूस तो.

पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खाण्यापिण्यात काही फरक?" बाबांनी मान खाली घातली. लेक हसून म्हणाली, "घर खायचं तेवढं बाकी ठेवलंय!"

बाई हसल्या नाहीत. "पोटाची भूक वेगळी आणि हवंहवंसं वाटून खाणं वेगळं. मेंदूत दोन्हींच्या जोडण्या निराळ्या असतात. ही गोळी काहीजणांच्या त्या दुसऱ्या जोडणीला सारखी डिवचत राहते. पोट 'पुरे' म्हणतं, मेंदू 'आण' म्हणतो. त्यांचा काही दोष नाही यात. कागदावर लिहून दिलं होतं मी, असं झालं तर लगेच कळवा म्हणून."

तो कागद न वाचताच तिने फाईलला लावला होता. आणि बाबांनी तर स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं.

बाहेर बाकावर ती म्हणाली, "बाबा, चुकलं माझं."

"तुला कसं कळणार? मलाच वाटत होतं, म्हातारपणी मी असा हावरट निघालो."

तिने फाईलमधून तो कागद काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

गोळी हळूहळू कमी केली. महिन्या-दीड महिन्यात खा-खा गेली, थरथर परतली. सुई पुन्हा हातात धरता येईना. कपाटाचं कुलूप तिने तपासणीच्या दिवशीच काढून टाकलं होतं. पण आता टेबलावर काहीही ठेवलं, तरी बाबा आधी तिच्याकडे बघतात.

"घेऊ का गं?"

"घ्या ना बाबा, विचारता काय!"

मग ते एक बिस्कीट उचलतात, अर्धं मोडून परत ठेवतात.