धोंडीरामकाकांचा खोटा आकडा

एम.ए.ला प्रायोगिक मानसशास्त्र घेतलं तेव्हा आमच्या आत्याने विचारलं होतं, "म्हणजे वेड्यांची डॉक्टर?" मी चिडून म्हणाले, "नाही, शहाण्यांची परीक्षा." पण याच्यावर नोकरी कुठे मिळते, या प्रश्नाला दोन वर्षं माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागच्या आठवड्यात ते मिळालं. ड्रायव्हरचं लक्ष तपासणारी यंत्रं बनवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीने मला घेतलं, तेही माझ्या प्रबंधावर खूश होऊन.

प्रबंधाचा प्रयोग मी सातपूरच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये केला होता. लॅपटॉपवर लाल ठिपका दिसला की कामगाराने बटण दाबायचं. साठ कामगारांपैकी तीस जणांना, त्यांनी कितीही चपळाईने दाबलं तरी, वेळेचा वाढवलेला आकडा दाखवून "तुमचा हात मंद आहे" असं मुद्दाम खोटं सांगायचं आणि पुढच्या फेरीत ते खरोखर मंदावतात का ते पाहायचं. आमच्या शास्त्रात याला परवानगी असते, पण एका अटीवर. माणूस उठायच्या आत त्याला खरं सांगायचं आणि सांगितल्याची खूण त्याच्या फॉर्मवर करायची.

आमच्या शेजारचे धोंडीरामकाका, तिथल्या पत्रा कापायच्या प्रेस मशीनवरचे कामगार, त्या तिसांतले शेवटचे. चाचणी संपली आणि शिफ्टचा भोंगा झाला, तसे ते पळाले. म्हटलं, घरचाच माणूस, उद्या सांगू. खूण मात्र करून टाकली. मग लिखाणासाठी हॉस्टेलवर राहायला गेले, तोंडी परीक्षा आली. आणि खरं सांगायचं तर, आठवलं तेव्हाही मी टाळलं. सांगितलं असतं तर खूण खोटी होती हेही कबूल करावं लागलं असतं.

काल नोकरीचे पेढे द्यायला त्यांच्याकडे गेले, तर साळूकाकूंनी माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. "तुझे लय उपकार हायेत बाई. तू तपासलं म्हणून कळलं, नायतर प्रेसवर बोटं गेली असती ह्यांची. ह्यांनी सोताहून सायबाला सांगून गेटवरचं काम मागून घेतलं."

बावीस वर्षं प्रेस चालवलेला माणूस! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काका आत बसले होते, अंगात वॉचमनचा शर्ट. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. आकडा खोटा होता, तो तसा सांगायचा आधीच ठरलेला होता. तुमचा खरा आकडा साठांत तिसरा होता. चूक माझी. हवं तर आत्ता पुन्हा चाचणी घेते, साहेबांना मी स्वतः भेटते.

ते ऐकता ऐकता हसले, तेही मायेने. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नको गं. त्या दिसापासून मी लक्ष ठेवलं ना हातावर. खरंच उशीर व्हायचा. मशीनपुढं पार घाम फुटायचा."

नेमकं हेच मी प्रबंधात सिद्ध केलं होतं. मुलाखतीत शाबासकी मिळाली ती यावरच.

"काका, तो उशीर माझ्या खोट्यामुळे व्हायचा," मी रडत म्हणाले.

ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "माझं मन राखायला सांगतीस, कळतं मला. पण तू शिकलेली पोर. कॉम्प्युटर म्होरं घेऊन बसल्यावर कशाला खोटं सांगशील?"