दर्शनाचा लॅपटॉप आणि पथ्याचे डबे

मित्रांनो, मला पाहून तुम्हांला लॅपटॉप आठवेल की वहीचा फाटका पुठ्ठा, सांगता येत नाही. माझ्या एका बिजागरीवर चिकटपट्टी आहे. पडद्यावर डावीकडे एक हिरवी रेघ कायमची वस्तीला आली आहे. एक बटण निखळलं, तिथे नुसतं रबराचं बोंड उरलं आहे. तरीही मी चालतो. जरा सावकाश चालतो, इतकंच.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. त्यातलं फारसं आठवत नाही. पांढरा उजेड, पातळ हातमोजे घातलेली बोटं आणि खूप शांतता, एवढंच मनात तरंगत राहिलं आहे. पुढची चार वर्षं मी लोअर परळच्या एका उंच इमारतीत काढली. तिथे माझ्यावर रोज तेच तक्ते भरले जात. मग एके सकाळी आम्हां चाळीस जणांना खोक्यांत भरून लॅमिंग्टन रोडच्या जुन्या संगणकांच्या दुकानात पाठवलं. आमच्या जागी नवे आले होते.

त्या दुकानात मला दर्शनाने उचललं. दुकानदार तिला चकचकीत मॉडेल दाखवत होता. ती म्हणाली, "नको, हाच द्या. याची बटणं बोटांना बरी वाटतात." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

दर्शना लालबागच्या चाळीत राहायची. तिचे आजोबा गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, होते. ती वेबसाइट बनवायची, पण कोणाच्या नोकरीत नाही, स्वतःच्या हिमतीवर. पोटमाळ्यावर एका ट्रंकेवर मला ठेवून ती काम करी. गिरगावातलं चष्म्याचं दुकान, दादरचा चित्रकलेचा वर्ग, माहीमचा एक शिंपी अशी आमची गिऱ्हाइकं होती. काम संपलं की ती झाकण मिटायची आणि मला डुलकी लागायची. त्या डुलकीत सगळं एकात एक मिसळून जाई. चष्मे मासोळ्यांसारखे पोहत, शिंप्याच्या कात्रीतून रंगीत कागदांचे ढग निघत आणि त्या ढगांखालून दर्शनाचं गुणगुणणं ऐकू येई. फार सुखाचे दिवस होते ते.

मग मोठ्या कंपन्या आल्या. 'पाच मिनिटांत वेबसाइट, तीही फुकट' अशा त्यांच्या जाहिराती सगळीकडे झळकू लागल्या. शिंप्याने कळवलं, पुतण्याने मोबाइलवरच काहीतरी करून दिलं. चित्रकलेचा वर्गही गेला. दर्शनाचा फोन दिवसचे दिवस वाजेना. ती मला उघडायची, पडद्याकडे बघत बसायची आणि पुन्हा मिटायची.

त्याच सुमारास ती मला घेऊन परळच्या लतिकाताईंकडे गेली. लतिकाताई एका चाळीच्या तळमजल्यावर स्वयंपाकघर चालवत. जवळच्या मोठ्या इस्पितळात गावोगावचे रोगी येतात, त्यांच्यासाठी तिथे पथ्याचे डबे होत. पेज, मुगाचं कढण, मऊ खिचडी. नातेवाइकांना इस्पितळातूनच डबा सांगता यावा म्हणून त्यांना वेबसाइट हवी होती. दर्शनाच्या आधी एका मोठ्या कंपनीचा हितेंद्र नावाचा माणूस येऊन गेला होता. त्याने हलती चित्रं दाखवली होती. वाफाळणारी वाटी, हसणारा डॉक्टर.

लतिकाताईंनी दर्शनाचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझं काम चांगलं आहे गं. पण तू पडलीस एकटी. उद्या तू आजारी पडलीस, तर मी कोणाला फोन करू? माझी माणसं उपाशी राहतील."

काम हितेंद्रच्या कंपनीला गेलं.

परतल्यावर तिने एका मोठ्या कंपनीत नोकरीसाठी अर्ज केला. तो तिने माझ्यावरच लिहिला. तिची बोटं इतकी जड मी कधी अनुभवली नव्हती. महिन्याभरात पत्र आलं, नोकरी मिळाली होती. होकार शुक्रवारपर्यंत कळवायचा होता.

सोमवारी लतिकाताईंचा फोन आला. "दर्शना, जरा येऊन जाशील? डबे निम्म्यावर आलेत. कंपनीला फोन केला की मशीनच बोलतं."

आम्ही गेलो तेव्हा दारात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. देवगडचे गुणाजीकाका. त्यांची बायको रखमा इस्पितळात होती. घशावरच्या उपचारांमुळे तिला पेजेशिवाय काही उतरत नव्हतं. काकांच्या हातात तडा गेलेला फोन होता.

"बाय, ह्यां चाक नुसतां फिरतां," ते दर्शनाला म्हणाले. "दोन दिस झाले. पेज सांगूक मिळाली नाय. शेवटी चलत इलंय."

दर्शनाने खाली बसून ती वेबसाइट माझ्यावर उघडली. मित्रांनो, माझा जीव मेटाकुटीला आला. पंखा घरघरू लागला, अंग तापलं आणि ती वाफाळणारी वाटी काही केल्या येईना. दर्शनाने माझ्या तापलेल्या अंगावर हात ठेवला.

"लतिकाताई," ती म्हणाली, "नातेवाईक बसतात त्या इस्पितळाच्या जिन्यात नेटवर्क जेमतेम असतं. लोकांचे फोन जुने आहेत. ही वेबसाइट त्यांच्यापर्यंत पोचतच नाही."

"मग आता?"

"मला तीन दिवस इथे बसू द्या. आधी मी काही बनवणार नाही. नुसती बघते."

तीन दुपारी आम्ही त्या स्वयंपाकघरात बसलो. तांदळाच्या वाफेने माझा पडदा धुरकट होई आणि मला जागेपणीच स्वप्न पडल्यासारखं वाटे. डबा न्यायला येणाऱ्या प्रत्येकाशी दर्शना बोलली. कोणालाही चित्रं नको होती. आज काय आहे, मीठ आहे का, डबा कुठल्या दाराशी किती वाजता येईल, एवढंच त्यांना हवं होतं.

तिने एकच पान बनवलं. मोठी अक्षरं, तीन बटणं, चित्र एकही नाही. आधी ते माझ्यावर उघडून पाहिलं, कारण माझ्याहून हळू यंत्र तिच्या ओळखीत नव्हतं. मग तिने ते काकांच्या फोनवर उघडलं. काका खिशातला चष्मा काढेपर्यंत पान समोर होतं.

"ह्यां झालां?" त्यांनी विचारलं. त्यांनी स्वतः 'पेज, बिनमिठाची' या ओळीवर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीत लतिकाताईंचा फोन किणकिणला. काका नुसते भिंतीला टेकून बसले.

पण लतिकाताईंचा जुना प्रश्न उरलाच होता. गुरुवारी दर्शना माटुंग्याच्या अक्षताला घेऊन आली. तीही दर्शनासारखीच एकटीने काम करणारी. दोघींनी मिळून एका वहीत सगळं साध्या मराठीत लिहून काढलं होतं. पान कुठे ठेवलं आहे, कसं बदलायचं, पासवर्ड कोणते.

"ही वही तुमची, पानही तुमचं," दर्शना म्हणाली. "मी आजारी पडले तर अक्षता येईल. आम्ही दोघी आवडेनाशा झालो, तर ही वही तिसऱ्या कोणालाही द्या."

लतिकाताईंनी वही चाळली. "कंपनीवाल्यांनी मला असलं काहीच दिलं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि वही देवघराच्या फळीवर ठेवून आल्या.

शुक्रवारी दर्शनाने नोकरीला नकार लिहिला. चारच ओळी. बोटं हलकी होती, तरी पाठवायच्या बटणावर ती खूप वेळ थांबली. भीती तिलाही वाटतच होती.

त्यानंतर जाहिरात न करता माणसं येऊ लागली. लतिकाताईंनी एका दवाखान्यात सांगितलं, दवाखान्याने औषधाच्या दुकानात. पूर आला नाही, पण झरा आटला नाही. सहा महिन्यांनी त्या पानावर देवगडहून निरोप आला. डबा सांगायच्या जागीच काकांनी लिहिलं होतं, 'डबो नको. रखमा आता घावणे खाता.' दर्शनाने तो लतिकाताईंना वाचून दाखवला. पेजेवर राहणारी रखमा आता घास गिळू लागली होती.

आता दर्शनाकडे नवं यंत्र आहे. मधली दोन वर्षं मी फडक्यात गुंडाळलेला पडून होतो. धूळ आत जात होती, बॅटरी फुगत होती. मला राग आला नाही, पण एकटं वाटलं. हल्ली पुन्हा तिने मला साफ करून, बॅटरी बदलून घेतलं आहे आणि प्रत्येक नवं पान गिऱ्हाइकाला देण्याआधी ती माझ्यासमोर आणते.

मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं यंत्र हळू झालं असेल, तर त्याची धूळ पुसा आणि त्याला अजून काय जमतं ते पाहा. आणि मोठेपणी तुम्ही कोणासाठी काही बनवाल, तेव्हा आधी त्या माणसाच्या शेजारी तीन दुपारी बसा. घाई करू नका. त्याला काय हवं आहे, ते तोच सांगेल.